बारक्याच्या दोन बाटल्या

गेल्या जानेवारीत वाईजवळ झालेल्या एका हौशी सांघिक सायकल शर्यतीत आमच्या संघाचा निकाल लागलाच नाही. निकालपत्रकात संघाच्या नावापुढे वेळेच्या रकान्यात एक आडवी रेघ होती आणि ती माझ्यामुळे होती. त्या दिवशी काय घडले हे मी घरी, दुकानात आणि मित्रांना अनेकदा सांगितले, पण प्रत्येक वेळी एक गोष्ट सांगायची टाळली. ती गोष्ट धरून सगळा दिवस आता क्रमाने लिहितो आहे.

मी साताऱ्यात औषधांचे दुकान चालवतो. वय एक्केचाळीस. पाच वर्षांपासून पहाटे पाच ते साडेसात सायकल चालवतो आणि नऊ वाजता दुकान उघडतो. मी वेगवान स्वार नाही, घाटातही माझी गती बेताचीच आहे, पण सपाट रस्त्यावर वाऱ्याला तोंड देत एका लयीत तासभर पॅडल मारत राहणे मला जमते आणि ते मी मेहनतीने कमावलेले आहे. म्हणूनच आमच्या पाच जणांच्या संघात मला मदतनिसाचे काम मिळाले. फ्रेंच भाषेत अशा स्वाराला ‘दोमेस्तिक’ म्हणजे घरगडी म्हणतात. हा शब्द हिणवणारा वाटतो, पण सायकलच्या शर्यतीत त्या कामाला फार मान आहे. पुढाऱ्याला वाऱ्यापासून झाकायचे, त्याच्यासाठी पाणी आणायचे, तो मागे पडला तर त्याला पुन्हा गटात नेऊन सोडायचे आणि घाटाच्या पायथ्याशी, जिथे त्याची खरी शर्यत सुरू होते तिथे, त्याला ताज्या पायांनी पुढच्या ओळीत उभे करून आपण बाजूला व्हायचे, असे हे काम आहे.

आमचा पुढारी म्हणजे बारक्या. तो जावळी तालुक्यातला, कृषी महाविद्यालयात शिकणारा बावीस वर्षांचा मुलगा. वजन छप्पन्न किलो. सगळ्यांत लहान आणि चणीने बारीक म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणतात, आणि तो मला दादा म्हणतो. चढावर त्याचा श्वास वाढलेला ऐकू येतो, पण खांदे हलत नाहीत आणि चेहऱ्यावर ताण दिसत नाही. असा चढणारा मुलगा मी जवळून दुसरा पाहिलेला नाही. सपाटीवर मात्र त्याच्या हलकेपणाचा तोटा होतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाने वाढते. ताशी पस्तीस किलोमीटरच्या पुढे सपाट रस्त्यावर स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच जाते, आणि पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिले की त्यातली चौथाई ते तिसरा हिस्सा शक्ती वाचते. बारक्याची ही शक्ती वाचवण्यासाठीच आम्ही चौघे होतो.

त्या चौघांत एक पोलीस दलातला जवान होता, सपाटीवरचा आमचा सर्वांत दणकट गडी. दोघे पुण्यात नोकरी करणारे सख्खे भाऊ होते आणि चौथा मी. संघाचा निकाल संघातल्या पहिल्या तिघांच्या वेळा मिळवून लागणार होता. टूर द फ्रान्समध्येही रोजच्या टप्प्यात संघाच्या पहिल्या तीन स्वारांची वेळ धरतात, तोच हा नियम. शिवाय पहिला स्वार पोहोचल्यावर तीस मिनिटांत जो येणार नाही तो मुदतीबाहेर, आणि त्याची वेळ धरली जाणार नव्हती. हा दुसरा नियम आम्ही आदल्या रात्री वाचला तेव्हा कोणी त्यावर क्षणभरही थांबले नाही, कारण पाचपैकी तिघे वेळेत पोहोचतील हे आम्ही गृहीतच धरले होते.

मार्ग साधा होता. वाईच्या बाहेरून निघून सुरूरच्या फाट्याकडे सुमारे बारा किलोमीटर जायचे, तिथे रस्त्यातच वळून परत यायचे, अशा तीन फेऱ्या. त्यानंतर शहर ओलांडून पसरणीचा घाट चढायचा आणि पाचगणीच्या अलीकडे शर्यत संपवायची. घाटाची चढण सुमारे दहा किलोमीटरची, सरासरी पाच टक्क्यांच्या आसपासची. रोज घाट चढणाऱ्याला ती सौम्य वाटेल, पण आधी बहात्तर किलोमीटर शर्यतीच्या वेगाने पळून तिथे पोहोचले की तिचे रूप बदलते.

आदल्या रात्री वाईतल्या एका घराच्या ओसरीवर आम्ही पाण्याच्या बाटल्या मांडून शर्यत कशी चालवायची ते ठरवले. हिवाळ्यात सकाळी वारा पूर्वेकडून येतो, म्हणजे सुरूरकडे जाताना तो तोंडावर आणि येताना पाठीवर. जाताना जवानाने आणि दोघा भावांनी आळीपाळीने पुढे राहायचे, बारक्याने माझ्या मागे, आणि मी कोणत्याही परिस्थितीत पहिल्या वीसांत. दुसरी फेरी संपताना वाईच्या वळणावर माझी पत्नी बाटल्या घेऊन उभी राहणार होती. तिथे वेग कमी असतो, म्हणून तिच्या हातातून दोन भरलेल्या बाटल्या मी घ्यायच्या, एक बारक्याला द्यायची आणि दुसरी घाटाच्या पायथ्याशी पुन्हा त्यालाच. पाणी तयार करण्याचे काम अर्थात माझ्याकडे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे जलसंजीवनीचे २०.५ ग्रॅमचे एक पाकीट एक लिटर पाण्यात घालायचे असते. आमच्या बाटल्या पाऊण लिटरच्या, म्हणून तीन पाकिटांत बरोबर चार बाटल्या होतात. ग्राहकांना रोज सांगतो ते प्रमाण मी त्या रात्री स्वतः दोनदा मोजून घातले, झाकणे घट्ट लावली आणि बारक्याच्या बाटल्यांवर चिकटपट्टीने खूण केली.

सकाळी सव्वासातला शर्यत सुटली तेव्हा हातमोज्यांतही बोटे बधिर होती. सत्तरच्या आसपास स्वार होते. पहिले चार किलोमीटर पुढे गाडी ठेवून गट सावकाश नेला आणि मग वेग एकदम वाढला. पहिल्या फेरीविषयी फार सांगण्यासारखे नाही, सगळे ठरल्याप्रमाणे चालले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने वड आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्या रस्त्यावर पट्ट्यांसारख्या पडतात आणि त्या पट्ट्यांत खड्डा दिसत नाही, म्हणून पुढचा स्वार हाताने खाली खूण करतो आणि ती खूण एकामागून एक मागे पोहोचते. बारक्या माझ्या मागच्या चाकाला चिकटून होता. मधूनच तो ‘दादा, डावीकडून’ असे म्हणे आणि मी डावीकडे जागा करत पुढे सरके. त्या अर्ध्या तासात मला जे समाधान वाटले ते आजही आठवते. आपण एका कामाचे आहोत आणि ते काम नीट होते आहे, एवढेच मनात होते.

पहिले नुकसान सुरूरच्या वळणावर झाले. ऊसतोडीचे दिवस होते आणि पहाटेपासून त्या रस्त्याने ट्रॅक्टर जात होते. ट्रॉलीतून पडलेला ऊस चाकांखाली चेंगरून वळणावर चिपाडे आणि चिकट ओल पसरली होती. संयोजकांनी ते झाडून घेतले होते, पण आतल्या कडेला थोडे राहिले होते. दोघा भावांपैकी थोरला तिथे आडवा झाला. कोपर सोलवटले आणि मागचा गियर वाकून चाकाच्या आऱ्यांत गेला. तो उठून हात वर करताना मी पाहिला, म्हणजे तो ठीक होता, पण त्याची शर्यत संपली होती.

दुसऱ्या फेरीत परत येताना एका गावाजवळच्या गतिरोधकाच्या पट्ट्यांवरून गट जोरात गेला आणि बारक्याची एक बाटली सायकलच्या नळीवरच्या बाटली अडकवायच्या पिंजऱ्यातून उडाली. मागून ‘बाटली, बाटली’ असा ओरडा झाला. ती मागच्या चाकांमधून गडगडत रस्त्याबाहेर गेली. त्याच्याकडे दुसरी अर्धी होती. मी माझी त्याला दिली. त्याने ती घेताना मान हलवली आणि म्हणाला, “दादा, तुम्हाला?” मी म्हणालो, “आता वळणावर मिळतेच आहे.” तोपर्यंतही काही बिघडले नव्हते.

बिघडले ते वाईच्या वळणावर, आणि ते नीट समजायचे तर अशा वळणात गटाचे काय होते हे सांगायला हवे. रस्त्यात शंकू ठेवून पूर्ण उलटे वळायचे असते. पुढचे दहा जण ताशी वीसच्या वेगाने आपल्या रेषेत वळतात आणि लगेच उठून पॅडल मारायला लागतात. त्यांच्यामागचे थोडे जास्त ब्रेक लावतात, त्यांच्यामागचे आणखी, आणि शेवटच्या वीसांना जवळजवळ थांबावे लागते. ते वळून सरळ होतात तोपर्यंत पुढचे ताशी चाळीसच्या वेगाने पन्नास-साठ मीटर गेलेले असतात. म्हणजे एकच वळण पुढच्याला श्वास घ्यायची जागा देते आणि मागच्याला जीव तोडून धावायला लावते. म्हणूनच मी पहिल्या वीसांत राहायचे हे ठरले होते. पण बाटल्या घ्यायच्या तर रस्त्याची कड हवी, आणि पुढच्या वीसांतून कडेला येण्यासाठी मला जागा मिळेना. जागा मिळावी म्हणून मी वळणाच्या अर्धा किलोमीटर आधीच वेग सोडला आणि बाजूने स्वार जाऊ दिले. दहाबारा जातील असे वाटले होते. वळणात शिरलो तेव्हा माझ्यामागे फार तर आठ जण उरले होते.

पत्नी ठरल्या जागी उभी होती. बाटली कशी धरायची याचा सराव आम्ही घरासमोरच्या गल्लीत केला होता. तिने दोन्ही बाटल्या झाकणाखाली बोटांच्या चिमटीत धरल्या होत्या आणि माझ्या वेगाबरोबर दोन पावले चालत हात मागे नेला. दोन्ही नीट हातात आल्या. मी त्या जर्सीच्या मागच्या खिशांत सारल्या. दीड किलोचे वजन एकदम कमरेवर आले, जर्सी मागे ओढली गेली आणि गार बाटल्यांचा ओलावा पाठीला लागला. मी मान वर केली तेव्हा माझ्यापुढे एक निळ्या जर्सीतला स्वार होता, आणि त्याच्या व त्याच्या पुढच्याच्या मध्ये सायकलच्या तीन-चार लांबींचे अंतर पडले होते.

सायकलच्या शर्यतीत अशा अंतराचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. वारा तोंडावर आहे, गट वेग वाढवतो आहे आणि ही फट आत्ता बुजवली नाही तर ती पुन्हा बुजत नाही. ती बुजवायला वीस सेकंद पूर्ण ताकद लागते आणि ज्याने ती लावली त्याच्या मागचे फुकट पोहोचतात. निळ्या जर्सीवाल्याचे काम होते ते, कारण फट त्याच्यापुढे होती. तो डोके खाली घालून बसला होता. मी त्याच्या बाजूने जाऊ शकत होतो. मागे वळून पाहिले, तिथे दोघे-तिघे होते. मला वाटले, यांच्यापैकी कोणीतरी निघेल आणि मी त्याच्या चाकाला लागेन. माझ्याकडे दीड किलो ओझे आहे, मी पुढे घाटापर्यंत काम करायचे आहे, ही ताकद दुसऱ्या कोणी लावावी. मी पॅडल थांबवले आणि वाट पाहिली.

कोणी निघाले नाही. माझ्या सायकलवरच्या मीटरने तो क्षण नोंदवून ठेवला आहे. शर्यतीला एक तास अठरा मिनिटे चाळीस सेकंद झाले असताना पॅडलच्या फेऱ्यांचा आकडा शून्यावर येतो आणि पुढचे सहा सेकंद शून्यच राहतो. ताशी चाळीसच्या वेगाने जाणारा गट सहा सेकंदांत सहासष्ट मीटर पुढे जातो. त्यानंतर मी उठलो. तीन मिनिटे मी कधी नव्हे इतक्या ताकदीने चालवली, निळ्या जर्सीवाला आणि बाकीचे कधी सुटले ते कळलेही नाही, आणि अंतर एकदा पन्नास मीटरवर आले होते. वडांच्या पट्टेरी सावलीत मला बारक्याची पाठ ओळखू येत होती, कारण त्याच्या जर्सीचा एक खिसा उसवलेला होता आणि तो मीच आदल्या रात्री सेफ्टीपिनने टाचला होता. मग माझे पाय भरून आले. गट पुढच्या वळणाआड गेला आणि त्यामागून जाणारी रुग्णवाहिकाही दिसेनाशी झाली.

पाठीवर त्याच्या दोन भरलेल्या बाटल्या होत्या. त्या क्षणी मला दुसरे काही जाणवत नव्हते, फक्त त्या बाटल्यांतले पाणी प्रत्येक पॅडलबरोबर डचमळत होते ते जाणवत होते. माझ्या स्वतःच्या पिंजऱ्यात पाण्याचा थेंब नव्हता आणि तरीही त्या दोन बाटल्यांना मी बराच वेळ हात लावला नाही.

गट पुढे गेला की पोलीस रस्ता मोकळा करतात, त्यामुळे अडवून ठेवलेले ट्रॅक्टर हळूहळू रस्त्यावर आले. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर माझ्यापुढे होता. वाहनाच्या आडोशाने जाणे नियमाबाहेर आहे, म्हणून मी उजवीकडून त्याला ओलांडले. चालकाने आवाज कमी करून मला सांगितले, “अहो, ते लई पुढं गेलं.” त्याने ते आपुलकीनेच सांगितले होते. मी हात वर करून पुढे गेलो.

सुरूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला दोघा भावांतला धाकटा चाक हातात घेऊन उभा होता. त्याचे चाक आधीच्या फेरीतच पंक्चर झाले होते. बदली चाकांची गाडी पोहोचेपर्यंत बराच वेळ गेला आणि तिच्यात त्याच्या सायकलला बसणारे चाक नव्हते. मी जवळ येताच तो ओरडला, “दादा, मी संपलो. आता तिसरे तुम्हीच!”

तोपर्यंत मी माझी शर्यत संपली असे समजून चाललो होतो. दोन भाऊ बाहेर, म्हणजे संघाकडे उरले बारक्या, जवान आणि मी. तिसरी वेळ माझी. मी हिशेब केला. शर्यतीतला पहिला स्वार साधारण दोन तास पंचवीस मिनिटांत माथ्यावर पोहोचेल, म्हणजे मला दोन तास पंचावन्न मिनिटांच्या आत पोहोचायला हवे. मी परत वाईला दोन तास दहा मिनिटांपर्यंत पोहोचेन आणि पसरणी हा माझा नेहमी छत्तीस-सदतीस मिनिटांचा घाट. म्हणजे वेळ होती. पाचसहा मिनिटे हाताशी ठेवून वेळ होती. वारा आता पाठीवर घेऊन मी वाईकडे निघालो आणि तेव्हा कुठे एक बाटली काढून निम्मी प्यायलो.

शहर ओलांडताना रस्त्याकडेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शर्यत पाहायला थांबलेल्या शाळकरी मुलांनी ‘काका, जोरात’ म्हणून शंभर पावले सोबत धाव घेतली. घाट सुरू झाला तेव्हा मीटरवर दोन तास तेरा मिनिटे होती. पहिले तीन किलोमीटर चांगले गेले. मग उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला एक बारीक उडी जाणवली, कातडीखाली मासोळी फिरावी तशी. मी गियर हलका केला. पुढच्या वळणावर दोन्ही मांड्या एकदम आवळल्या आणि पाय सरळही होईना, वाकेही ना. पॅडलमधून बूट सोडवताना मी कठड्यावर रेललो नसतो तर पडलोच असतो.

पेटके का येतात याविषयी मी ग्राहकांना नेहमी पाणी आणि क्षारांचे सांगतो, आणि ते खरेही आहे. पण स्नायूला ज्याची सवय नाही अशा कष्टाने तो थकला तरी तो आवळतो. वळणानंतर जी तीन मिनिटे मी गटामागे धावलो, ती मांड्यांनी तेव्हा सहन केली आणि घाटात परत मागितली. वीस सेकंदांची ताकद वाचवण्यासाठी मी सहा सेकंद थांबलो होतो, त्याची ही वसुली होती. मी कठड्याला धरून पाय ताणला, खाली धोमचे पाणी उन्हात चमकत होते तिकडे पाहिलेही नाही, आणि पुन्हा सायकलवर बसलो. असे तीनदा झाले. तिसऱ्यांदा बुवासाहेबांच्या देवळापाशी दर्शनाला थांबलेल्या एका कुटुंबातल्या बाई पुढे आल्या आणि काही न विचारता त्यांनी सायकल धरून ठेवली, मी मांडी चोळेपर्यंत. “बसा की जरा,” त्या म्हणाल्या. मी म्हणालो, “ताई, बसलो तर निकाल जाईल.” त्यांनी सायकल सरळ करून दिली आणि मला बसल्यावर मागून हलका हात लावून सोडले. मी नको म्हणायच्या आत ते झाले होते. असा हातभार घेणे नियमात बसत नाही, हे मी नंतर पंचांना सांगितले. त्यांनी ते नोंदवून घेतले आणि आता त्याने काही फरक पडणार नाही असे सांगितले.

फरक पडणार नव्हता, कारण मी रेषेवर पोहोचलो तेव्हा दोन तास अठ्ठावन्न मिनिटे झाली होती. वेळ मोजणारी चटई अजून रस्त्यावर होती. चाक तिच्यावरून गेले, नेहमीसारखा आवाज झाला आणि त्यामुळे क्षणभर मला वाटले की कदाचित चालेल. टेबलामागच्या तरुणाने पडद्याकडे पाहिले आणि मान हलवली. मुदत तीन मिनिटांपूर्वीच संपली होती.

बारक्या सातवा आला होता. सराव पाहता तो पहिल्या तिघांत असायला हवा होता. जवान एकोणिसावा. दोघेही रस्त्याच्या कडेला गवतावर बसले होते आणि मला पाहून उठले. मी सायकल आडवी टाकली आणि खिशातली भरलेली बाटली काढून बारक्यापुढे धरली, कारण दुसरे काय करावे ते मला कळेना. त्याने ती घेतली नाही. तो म्हणाला, “दादा, मला वाटलं तुम्ही पुढं आहात. बाटल्या घेऊन पुढं गेला असाल, म्हणून मी तिसऱ्या फेरीत दोनदा पार पुढपर्यंत गेलो तुम्हाला शोधत.”

पहिल्या वीसांत राहीन हा माझा शब्द होता आणि त्याने तो शब्द धरला होता. तोंडावरच्या वाऱ्यात, गटाच्या बाहेरच्या कडेने, आडोसा सोडून तो दोनदा पुढे गेला होता, पुढच्या प्रत्येक पाठीकडे पाहत, आणि मी न दिसल्यावर पुन्हा मागे आला होता. जी ताकद वाचवण्यासाठी आम्ही चौघे होतो ती त्याने मला शोधण्यात घालवली. घाटात पुढचे सहा जण निघाले तेव्हा तो त्यांच्यासोबत चार किलोमीटर होता आणि मग घसा कोरडा पडून मागे राहिला. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. मी विचारले म्हणून सांगितले.

त्यानंतर जे झाले त्याचा मला सर्वांत जास्त त्रास झाला. सगळे माझे सांत्वन करू लागले. जवान म्हणाला, “तुम्ही पाण्यासाठी मागं गेला म्हणून अडकला, नाहीतर सुटला नसता.” दुसऱ्या संघातल्या एका ज्येष्ठ स्वाराने खांद्यावर हात ठेवून सांगितले की मदतनिसाच्या नशिबी हे असतेच. दुकानाच्या भिंतीवर मी एक जुने छायाचित्र लावले आहे. १९३४ च्या टूर द फ्रान्समध्ये रने व्हिएतो या वीस वर्षांच्या स्वाराने आपल्या संघाच्या पुढाऱ्याला, अंतोनँ मान्यला, स्वतःचे पुढचे चाक काढून दिले आणि बदली चाकाची वाट पाहत तो दगडी भिंतीवर रडत बसला, त्याचे ते चित्र. मान्यने ती शर्यत जिंकली. ज्येष्ठ स्वार बोलत असताना मला ते चित्र आठवले आणि मान वर करवेना. त्या मुलाने जवळ होते ते देऊन टाकले होते. मी देण्याची वेळ आली तेव्हा मागे वळून दुसरा कोणी देतो का ते पाहिले होते. बाटल्यांमुळे मी गटाच्या शेपटाला गेलो हे खरे आहे, पण गट सुटला तो बाटल्यांमुळे नाही. त्या फटीपुढे माझ्यात वीस सेकंदांची ताकद होती. ती होती याचा पुरावा म्हणजे नंतरची तीन मिनिटे.

आणि मी हे तिथे बोललो नाही. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. घाट उतरताना, वाईत जेवताना आणि साताऱ्याला परतताना मी ते सांत्वन घेत राहिलो. घरी आल्यावर पत्नीने विचारले, “माझ्या देण्यात काही चुकलं का?” तेव्हा मात्र मी तिला लगेच सांगितले की तिचे काही चुकले नव्हते, बाटल्या पहिल्याच झटक्यात हातात आल्या होत्या. पुढचे सांगितले नाही.

आठ दिवसांनी बारक्या दुकानात आला. आजीची रक्तदाबाची औषधे न्यायची होती. गिऱ्हाईक नव्हते. मी संगणकावर शर्यतीची नोंद उघडली, पडदा त्याच्याकडे वळवला आणि शून्याची ती आडवी रेघ बोटाने दाखवली. वळणापासून सगळे सांगितले, निळी जर्सी, मागे वळून पाहणे, वाट पाहणे. तो काही वेळ रेघेकडे पाहत राहिला. त्याला राग आला असावा, आणि यायलाच हवा होता. मग त्याने विचारले, “किती अंतर होतं सुरुवातीला?”

“तीन-चार सायकली.”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्याने औषधांची पिशवी गल्ल्यावर ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाला, “वळणाच्या आधीचंही दाखवा. तुम्ही वेग कुठं सोडला ते बघू.” आम्ही दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत ती नोंद सेकंदा-सेकंदाने पाहिली. मी अर्धा किलोमीटर आधी वेग सोडला होता, त्याच्या मते शंभर मीटर पुरे झाले असते, आणि बाटल्या वळणाच्या तोंडावर घेण्याऐवजी वळणानंतर दीडशे मीटरवर, गट ओळीत आल्यावर घ्यायला हव्या होत्या. त्या रविवारी पहाटे शहराबाहेरच्या एका रिकाम्या रस्त्यावर आम्ही पाचही जण जमलो. थोरल्या भावाच्या कोपरावर अजून पट्टी होती. रस्त्याच्या मधोमध शंकूच्या जागी चपलांचे दोन जोड ठेवले, आणि पत्नी बाटल्या घेऊन वळणाच्या पुढे उभी राहिली. बारक्याने मला सगळ्यांत मागे उभे केले, स्वतः माझ्यापुढे राहून मुद्दाम चार सायकलींचे अंतर सोडले आणि म्हणाला, “दादा, आता बुजवा.” सूर्य वर येईपर्यंत मी ते अंतर चोवीस वेळा बुजवले.